कोरी चित्रं

प्रा. मनोहर दाबके रत्नागिरीच्या एका कलामंडळाचे अध्यक्ष होते आणि पेपरात चित्रपरीक्षणं लिहीत. त्यांनी वाईट लिहिलं की त्या चित्रकाराला गावात पुन्हा भिंत मिळत नसे. वृंदा कांबळीच्या प्रदर्शनाचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं. समई पेटवून, शाल-श्रीफळ घेऊन त्यांनी दालनात एक फेरी मारली आणि वृंदा बोलायला उभी राहायच्या आत पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले.

रविवारी छापून आलं, "कोरं कापड, लाकडी पट्ट्या आणि खिळे. या बाईंकडे सांगण्यासारखं काहीच नाही."

वृंदा भेटेल त्याला सांगू लागली, "सरांनी चित्रं पाहिलेलीच नाहीत."

समारोपाला दाबके तावातावाने उठले. "प्रत्येक चित्र मी या डोळ्यांनी पाहिलंय. सगळ्यांसमोर माफी मागा, नाहीतर हे दालन कायमचं विसरा."

"बरं," वृंदा म्हणाली. "आधी सगळ्यात पोकळ चित्र कोणतं, तेवढं दाखवा."

दाबक्यांनी दाराजवळच्या चौकटीकडे बोट केलं. वृंदाने ती खिळ्यावरून काढली आणि उलटी करून टांगली. एक कोळीण डोळे वटारून थेट दाबक्यांकडे बघत होती. लोक हसू लागले, कारण प्रत्येकाने आपल्या हाताने चित्र उलटून बघायचं, हे वृंदाने उद्घाटनालाच सांगितलं होतं आणि आठवडाभर सगळे तसंच बघत होते.

"सर, तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे," वृंदा म्हणाली. "पाठीवर मी काहीच काढलेलं नाही. आता पुढून बघून घ्या, मग माफी कुणी मागायची ते ठरवू."