धनेशाची टकटक

फार फार मागे, रानातल्या वाटांनाही जेव्हा नावं पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पोरांनो, ऐका. आणि पोरांच्या आईबापांनो, तुम्हीही कान इकडे ठेवा.

घाटातल्या दाट रानात एक धनेश राहायचा. चोच केवढी, तर पळीएवढी, पिवळीधम्मक. उंच उडायचा, म्हणून सगळं रान त्याला एका नजरेत दिसायचं. पाणी कुठे उरलंय, फळ कुठे पिकलंय, वाघ कुठे पहुडलाय, कुणीही विचारावं आणि त्यानं सांगावं. ससा विचारो की गवा, उत्तर फुकट.

पण दिवसभर उत्तरं देत बसल्यावर स्वतः खायचं कधी? धनेश वाळायला लागला.

एका कड्यावर जांभळीचं झाड होतं. फळांनी लगडलेलं, पण तिकडे कुणी फिरकायचं नाही. फळं खाली पडून कुजायची, बी जागच्या जागी मरायचं. जांभळी म्हणाली, "धनेशा, येणाऱ्याजाणाऱ्याला माझं नाव सांग. हवी तेवढी फळं खा."

त्यानं सांगितलं. माकडं आली, अस्वल आलं, जांभळीचं बी डोंगराडोंगरावर पोचलं. ते बघून बाकीची झाडंही धनेशाला बोलवायला लागली. पुढे माणसांनी याला जाहिरात असं भारी नाव दिलं. रानात त्याला नुसतं 'नाव घेणं' म्हणायचे.

फळ भरपूर झालं, तसे धनेशानं आपले भाऊ-भाचे बोलावले. डोंगरागणिक एक धनेश बसवला. आता रानाच्या कुठल्याही कोपऱ्यात विचारा, उत्तर हजर. विचारणाऱ्याला दमडी पडत नव्हती; सांगणाऱ्याचं पोट झाडं भरत होती.

एकदा एक तहानलेला ससा आला. धनेशानं पाण्याच्या आधी जांभळीचंच नाव घेतलं. बायको फणकारली, "अहो, त्यानं पाणी विचारलं होतं. तुम्ही आपल्या पोटाचं सांगितलंत."

धनेश ओशाळला. त्या दिवसापासून त्यानं रीत पाडली. खाऊ घालणाऱ्या झाडाचं नाव घ्यायचं झालं, की आधी चोच फांदीवर आपटायची. टक टक. टकटक झाली की ऐकणाऱ्यानं समजावं, या झाडाचं यानं खाल्लंय. टकटक नसेल, तर ते त्यानं नुसतं आपल्या डोळ्यांनी पाहून सांगितलंय.

शेकरू खोखो हसलं. "स्वतःच सांगतोस मी खाल्लंय म्हणून? मग तुझं ऐकेल कोण?"

पण गंमत बघा, टकटक ऐकूनही जनावरं जायची. खाल्लेलं लपवत नाही तो खोटं कशाला बोलेल, असं त्यांना वाटायचं.

मग एक वाईट साल आलं. धनेशीण अंडी घालायला बसली होती. धनेशांची रीत अशी, की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार चिखलानं लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. पिल्लं मोठी होईतो नर आणील तेच खायचं. नेमकं त्याच साली वादळ सुटलं आणि झाडांचा मोहोर झडून गेला. झाडं म्हणाली, "आम्हालाच काही धरलं नाही, तुला काय देऊ?"

सगळ्या झाडांत एकटा काजरा लगडला होता. नारंगी, गोल गोल, बघत राहावीत अशी फळं. धनेशाला त्याचा गर पचतो. भेकराला, सशाला ते विष.

"धनेशराव," काजरा म्हणाला, "पिल्लं उडेपर्यंत लागेल तेवढं न्या. फक्त माझं नाव घेताना ती टकटक करू नका. टकटक ऐकली की ऐकणारा थांबून विचार करतो."

धनेश तिथून उडाला. ढोलीशी आला. आत अंड्यांतून निघालेली पिल्लं भुकेनं चिरकत होती. त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

फटीतून आवाज आला, "अहो, मी इथे कोंडून बसलेय. बाहेरचं मला काही दिसत नाही. तुम्ही चोचीत घालाल ते मी डोळे मिटून गिळते. रानही तुमचा शब्द तसाच गिळतं. आता काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा."

धनेश काजऱ्याकडे परतला. "तुला पचवतील त्यांनाच तुझं नाव सांगेन, आणि टकटक करूनच सांगेन."

"मग बसा उपाशी," काजरा म्हणाला.

त्यानं धनेशाच्या भाच्याला गाठलं. भाचा भुकेला होता, भुलला. एक भेकरीण पाडसाला घेऊन फळ विचारत आली. भाच्यानं टकटक न करता काजऱ्याकडे बोट दाखवावं तशी चोच दाखवली. पाडसानं एक फळ चावलं आणि पाय ताठ करून आडवं झालं. थोडंच पोटात गेलं होतं, म्हणून सकाळी उठलं.

भेकरीण धनेशाकडे आली. "दादा, टकटक नव्हती, म्हणून विश्वास ठेवला."

धनेशानं भाच्याला समोर बोलावलं. भाचा पुटपुटला, "मामा, भूक लागली होती."

"मलाही लागलीय. ऊठ, त्या फांदीवरून खाली उतर. ती फांदी खरं बोलणाऱ्यांची आहे."

रानभर गोष्ट पसरली. काजऱ्याखाली कुणी फिरकेना. त्याची फळं तिथेच सडली. आणि लांबच्या दरीतल्या म्हाताऱ्या उंबरानं निरोप धाडला. त्यानं कधी कुणाला नाव घ्यायला सांगितलं नव्हतं.

"खोट्या तोंडातून आपलं नाव निघण्यापेक्षा न निघालेलं बरं, म्हणून गप्प होतो," उंबर म्हणाला. "तू उपाशी पोटी टकटक सोडली नाहीस. ये, माझं अंग खालपासून वरपर्यंत फळांनी भरलंय. पिल्लांना ने, आणि माझं नाव खुशाल घे."

पिल्लं वाढली. एक दिवस दार फोडून सगळी बाहेर आली. धाकटं पिल्लू फांदीवर नीट बसतं न बसतं तोच त्यानं चोच आपटली. टक टक.

शेकरू म्हणालं, "अरे, तू आत्ता बाहेर आलास. तू कुणाचं खाल्लंयस?"

"उंबराचं," पिल्लू म्हणालं. "बाबांनी आणलेलं."

धनेशाची मान अशी ताठ झाली, की चोच थेट आभाळाला टेकल्यासारखी दिसली.

तात्पर्य एवढंच: आपलं पोट कोण भरतं हे जो उघड सांगतो, त्याच्याच शब्दावर रान विश्वास ठेवतं.