शेजारणींचे डबे

ऐका आता, आणि पाय झाडू नका कुणी. एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात गोजराक्काचा नवरा वारला. सुतकात घरची चूल पेटली नाही. मग शेजारणींनी डबे भरून आणले, कुणी पिठलं-भाकरी, कुणी मऊ भात. सुतक फिटलं, माणसं पांगली, डबे तेवढे राहिले.

आता आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करतात का? नाही ना! आणि गोजराक्काला तर काही करून भरायचा हुरूपच नव्हता. मग तिनं डबे घासूनपुसून त्यांतच आपला संसार लावला. सोनारणीच्या डब्यात मोहरी, कुंभारणीच्या डब्यात सुईदोरा, समोरच्या रखमामावशीच्या पितळी डब्यात तूरडाळ. घर कसं अगदी नीट लागलं.

पण त्या घरात कुणी येईना. शेजारणींना वाटे, गेलो तर डबा मागायला आलो असं व्हायचं. मग त्या खाली मान घालून दारावरून जात. गोजराक्काला वाटे, मला सगळ्या विसरल्या. ती एकटीच जेवायची, बरं का, आणि ताटाशी बोलायची.

मग एका दुपारी तिनं फोडणीसाठी मोहरीचा डबा उघडला, तर आतून सोनारणीची पोरं खिदळली! गोजराक्का दचकली, आणि मग चक्क हसली. झाकण उघडंच ठेवून तिनं पोरांच्या गलबल्यात भाकरी खाल्ली. पण हळूहळू आवाज बारीक झाला आणि थांबला. मग कितीही उघडा, आत नुसती मोहरी.

मग तिनं सुईदोऱ्याचा डबा उघडला. त्यात कुंभाराचं चाक घरघरत होतं, आणि कुंभारीण लेकीला जेवायला हाका मारत होती. हा आवाज तिनं जपून वापरला, झाकण जरासं उचलायची, कान लावायची, की बंद. तरी तोही संपलाच.

राहिला पितळी डबा. हाही संपला तर घर मुकं होणार, म्हणून वेडी बाई डाळीवाचून जेवली, पण त्या झाकणाला हात लावीना. शेवटी एका सकाळी तिला फारच एकटं वाटलं. मग तिनं तो उघडला. आत रखमामावशी सुनेला सांगत होती, "गोजराच्या दारावरून जाताना जीव तुटतो गं. पण डब्यासाठी आले असं वाटेल तिला. तिनं एक हाक मारली तरी धावत जाईन."

झालं, आवाज बंद. गोजराक्का हुंदके देऊन रडली.

मग ती उठली. सगळे डबे तिनं रिकामे केले. मोहरी करवंटीत गेली, सुईदोरा जुन्या लुगड्याच्या पिशवीत, डाळ कान तुटलेल्या गाडग्यात. भरून द्यायला घरात काय होतं? थोडीशी साखर. तीच तिनं चिमूट चिमूट घातली, आणि आधी रखमामावशीचं दार गाठलं.

"मावशी, डबा आणलाय," ती म्हणाली. "फार उशीर झाला."

रखमामावशीनं झाकण काढलं. ती चिमूट जिभेवर ठेवली आणि पदरानं डोळे पुसले.

"एवढी साखर तेव्हा नव्हती का गं घरात?"

"होती, मावशी. उचलवली नाही."

मावशीनं तिला हाताला धरून आत नेलं. मग गोजराक्का थेट दिवेलागणीलाच बाहेर आली, आणि उरलेले डबे घेऊन सोनारणीकडे नि कुंभारणीकडे गेली.

पुढे काय? तेच डबे भरून परत आले, पुन्हा भरून गेले. गोजराक्काच्या घरात आता एक डबा टिकेना. सगळा संसार करवंट्यांत नि गाडग्यांत, आणि दारात सदान् कदा कुणीतरी बसलेलं. रात्री ती एकटीच निजायची, ते काही चुकलं नाही. पण सकाळी कुणीतरी दार वाजवणार हे माहीत असलं, की झोप लागते.

मिटा डोळे. मी इथंच आहे.