न ऐकणारं शीर्षक

"…पण महाराज, दीक्षा मिळायला मी आणखी काय कमवायचं, तेवढं तरी सांगा!"

सिद्धेश्वरबुवा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते.

बुवांच्या प्रवचनांचं पुस्तक छापायला जायचं होतं. ते तयार करत होता हा प्रश्न विचारणारा त्र्यंबक. हा दोन विषयांत एम.ए., आणि मठात पाऊल टाकल्याबरोबर त्याने ते आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. दीक्षेचा अजून पत्ता नव्हता, पण भगवी शाल आणि जाडजूड रुद्राक्षमाळ त्याने स्वतःच बाजारातून आणली होती.

"शीर्षकं फार मोठी दिसतात रे. लहान कर," बुवा म्हणाले.

"सोपं आहे. सगळ्यांना एकच शैली लावलीये, म्हणजे आकार-रंगाचा ठरलेला साचा. शैली एकदा बदलली की सगळी आपोआप बदलतात."

त्याने बदल केला. पानामागून पान सरकलं. सगळी शीर्षकं निमूट लहान झाली होती. बुवांना भारी मौज वाटली.

शेवटच्या प्रकरणाचं शीर्षक तेवढं होतं तसंच राहिलं. टपोरं, लालभडक.

"हे का ऐकत नाही?"

त्र्यंबक घुटमळला. ते प्रकरण त्याचं स्वतःचं होतं, 'संपादकाचे मनोगत'.

"याला… मी हाताने वेगळं मोठं केलं होतं. रंगही दिला. असं वरून काही चढवलं, की मग शैली बदलली तरी ते बदलत नाही."

"म्हणजे याला ती शैली नाहीच?"

"आहे ना. इतरांना आहे तीच. वरच्या सजावटीखाली झाकली गेलीये."

"मग आता नव्याने द्यावी लागेल?"

"छे! द्यायचं काहीच नाही. चढवलेलं काढलं, की झालं."

"काढ बघू."

त्र्यंबकने एक बटण दाबलं. लाल रंग गेला, आकार उतरला. शीर्षक इतरांसारखं झालं.

बुवा आणखी पुढे वाकले. "वेगळं काही घालावं लागलं नाही?"

"नाही, महाराज. काहीच…"

तो मध्येच थांबला. हात गळ्यातल्या माळेवर गेला होता. त्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं.



मग बुवांनी पडद्यावरून नजर काढली.

"हं… मघाशी तू काय विचारत होतास?"