बटणाएवढा सेल

फायलींना लाल फीत बांधायच्या काळातला एक कॉम्प्युटर कचेरीच्या कोपऱ्यात बसायचा. सर्व्हर रोज सकाळी त्याला दारातूनच परत पाठवायचा. आता तर कॉम्प्युटरला भंगारात काढायचं चाललं होतं.

“नाव तेच, पासवर्ड तोच!” म्हातारा कॉम्प्युटर करवादला. “वायरसुद्धा बदलली, तरी या सर्व्हरचा माज उतरेना!”

“आजोबा, ओळख पटली हो,” सर्व्हर म्हणाला. “पण शिळी तारीख सांगणाऱ्याला मी आत घेत नाही. आज तारीख काय?”

“एक जानेवारी, दोन हजार दोन!”

भिंतीवरचं कॅलेंडर फिसकन हसलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या पोटातला बटणाएवढा सेल क्षीण आवाजात म्हणाला, “वीज नसताना तुमचं घड्याळ मीच चालवायचो, पण मी कधीचाच संपलोय. शिपाईमामांनी संध्याकाळी मेन स्विच बंद केला, की तुमचं घड्याळ पार मागे जातं.”

“मग इतके दिवस बोलला का नाहीस?”

“तुमचं ओरडणं थांबायची वाट बघत होतो.”