जमीनदाराला हवी असलेली माफी

आयर्लंडमधली हनोरा दिवसभर वर्तमानपत्रासाठी बातम्या खरडी आणि उरल्यासुरल्या जिवावर कादंबऱ्या लिही. एका संध्याकाळी ती दमून घरी येते न येते, तोच गावचे जमीनदार क्रॉस्बी तिची नवी कादंबरी नाचवत आत घुसले.

"यातला कुळांना छळणारा दारुडा जमीनदार म्हणजे मीच! उद्याच्या अंकात जाहीर माफी छापा, नाहीतर कोर्टात खेचतो!"

वाद घालायचं त्राण हनोरात उरलं नव्हतं. तिने तिथेच माफी लिहून वाचून दाखवली:

"कुळांना छळणाऱ्या दारुड्याबद्दल वाचताना क्रॉस्बी साहेबांना स्वतःचीच आठवण झाली. त्याबद्दल लेखिका त्यांची मनापासून माफी मागते."

क्रॉस्बी गोरेमोरे झाले. "राहू द्या. तो... तो दुसराच कोणी असेल."

"असेल बाई," हनोरा बूट काढत म्हणाली. "जाताना दार तेवढं ओढून घ्या."