शाल्मलीची बॅग

सांगलीच्या शाल्मलीला दोन घरं होती आणि दोन्हीकडे ती पाहुणी होती. आईबाबा वेगळे झाल्यापासून ती एक आठवडा आईकडे राही, एक बाबांकडे. शनिवारचा पांढरा गणवेश नेमका दुसऱ्याच घरी राहायचा आणि कवायतीच्या रांगेत ती एकटीच निळ्या गणवेशात उभी असायची.

आज कोर्टातल्या समुपदेशक बाईंसमोर हीच व्यवस्था कायमची ठरणार होती. बाबांचे वकील करमळकर खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, दोघांना समान ताबा. यात मुलीला त्रास कसला? बॅग उचलायची नि निघायचं!"

"तुला काही सांगायचंय का, बाळा?" बाईंनी विचारलं.

पायांशी बॅग घेऊन बसलेली शाल्मली चारचौघांत कधी बोलत नसे. पण आता ती फार दमली होती.

"काका, त्रास नसेल तर मी एकाच घरी राहते. आईबाबा आळीपाळीने बॅग घेऊन तिथे येतील. ताबा समानच राहील."

वकिलांनी तोंड उघडायच्या आत बाबाच उसळले. "काहीतरीच काय! दर आठवड्याला बिऱ्हाड हलवून माणूस जगेल कसा?"

"मी तेच सांगतेय, बाबा."

करमळकर उगीचच चष्मा पुसू लागले. बाबा तिच्या बॅगेकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "शाळा असताना राहू दे तुझ्याकडेच. सुट्टीत माझ्याकडे. तिचं काय ते दोघं मिळून ठरवू."

आईने मान डोलावली.

"पांढरा गणवेश तेवढा आणून द्या, बाबा," शाल्मली म्हणाली. "उद्या शनिवार आहे."