कोंडाबाईची शेळी आणि विसोबाचा निकाल

गाव होतं उंबरटेक, कोर्ट होतं कौलारू आणि न्यायाधीश होता भोळा. विसोबा त्याचं नाव. मनानं गरीब, पण जेवढं सांगावं तेवढंच डोक्यात शिरायचं.

कोंडाबाईची एकुलती एक शेळी शेजारच्या रखमाजीनं आपल्या दावणीला बांधली. कोंडाबाईच्या नातवाचं दूध तुटलं. म्हातारी कोर्टात आली, रडत रडत सगळं सांगू लागली. विसोबाला डुलकी लागली.

तिनं थेट जिल्ह्याच्या थोरल्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी विसोबाला बोलावून घेतलं.

"अहो, कोर्टात झोपता? जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत जा!"

"चुकलंच माझं," विसोबा म्हणाला. "माझ्या डोक्यात नुसता भुसा आहे. आता नाही चुकणार."

पुढच्या तारखेला पुरावा म्हणून शेळीच कोर्टात आणली. माणसं थांबून थांबून बोलत होती. शेळी मात्र बें बें करायची थांबेना. विसोबा दिवसभर शेळीच्या तोंडाकडे बघत बसला.

पुन्हा तक्रार गेली.

"शेळीकडे काय बघता? दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या!"

"चुकलंच माझं. भुसाही बरा, असं डोकं आहे. आता नाही चुकणार."

पुढच्या तारखेला कोंडाबाई तासभर बोलली. रखमाजी म्हणाला, "मला काय बी बोलायचं न्हाई." विसोबानं घड्याळ समोर ठेवलं आणि त्याला तासभर गप्प उभं केलं. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली.

तिसऱ्या तक्रारीला साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, आरोप ऐकून जो गप्प राहील तो दोषी! तिथल्या तिथं शिक्षा ठोका. आता मीच येतो बघायला."

साहेब आले. भरल्या कोर्टात म्हणाले, "शेळीचं नंतर. आधी तुमच्यावरच्या तक्रारी. तुम्ही झोपलात. शेळीकडे बघत बसलात. म्हातारीला हेलपाटे घालायला लावलेत. काय म्हणणं आहे तुमचं?"

विसोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळंच खरं होतं. बोलणार काय? मान खाली घालून तो गप्प राहिला. मग एकदम ताठ झाला.

"न्यायाधीश गप्प आहे! म्हणजे दोषी! आठ दिवस कोठडी!"

शिपाई जागचा हलेना, तेव्हा विसोबा स्वतःच चालत कोठडीत गेला आणि आतून दार ओढून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या जन्मात त्यानं दिलेला हा पहिला निकाल.

कोंडाबाई मागोमाग धावली. गज धरून म्हणाली, "अवो सायेब, आन् माज्या शेळीचं?"

विसोबाला तिची फार दया आली.

"काय करणार बाई," तो म्हणाला, "न्यायाधीश कोठडीत आहे. पुढची तारीख घ्या."